नेसरीची लाईन

प्रसेनजीतला एका जागी स्वस्थ बसलेलं पाहिलंय, असं शपथेवर सांगणारा माणूस अख्ख्या बँकेत मिळाला नसता. जेवायला बसला तरी त्याचा एक पाय हलत असायचा. फोनवर बोलताना तो वायर पुरेल तिथपर्यंत फिरायचा आणि वायर संपली की परत उलटा फिरायचा. बायको साक्षी म्हणायची, "ह्यांच्या अंगात कुणी मोटर बसवली ठावं न्हाय, पर बटण बसवायचं इसरलाय मेला."

ही मोटर कबनूरची. त्याचे वडील दादासो तिथं एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारे. घर कारखान्याच्या भिंतीला लागूनच. त्या खडखडाटात पोरं गाढ झोपायची आणि माग थांबले की दचकून उठून बसायची. दादासो अंगणात चहा पिता पिता म्हणायचे, "तिसरा रडाय लागला बघ," आणि आत जाऊन पाहिलं तर खरंच तिसऱ्या मागाचं काहीतरी बिनसलेलं असायचं. पोरगं हा कान बापाकडून शिकलं. मात्र अर्धंच शिकलं. काहीतरी बिघडलंय हे त्याला सगळ्यांच्या आधी कळायचं, आणि काय बिघडलंय हे बघण्याइतका दम त्याला कधीच नसायचा. दादासो त्याला सांगून थकले होते, "आवाजावरनं माग बिघडलाय एवढंच कळतं रं. का बिघडला, ते माग उघडल्याबिगर बोलायचं न्हाय."

हे वाक्य त्यानं इतक्यांदा ऐकलं होतं की त्याला ते ऐकूच येईनासं झालं होतं.

इलेक्ट्रॉनिक्स शिकून, दोन-चार दुकानांत कॉम्प्युटर जोडून, दोन हजार तीनच्या सुमारास प्रसेनजीत कोल्हापुरातल्या एका सहकारी बँकेच्या मुख्य कचेरीत लागला. लागला म्हणजे तात्पुरता. कायम करण्याचं वचन होतं, आणि सहकारातलं वचन म्हणजे कोपराला लावलेला गूळ. तरी कबनूरच्या त्यांच्या गल्लीत पेढे वाटले गेले. दादासोंच्या बापानं मजुरी केली, दादासोंनी माग उघडले, आणि त्यांचा पोरगा राजारामपुरीत पंख्याखाली बसून बँकेचा सर्व्हर सांभाळतो, ही काही लहान गोष्ट नव्हती.

हा सर्व्हर लिनक्सचा. त्याला माऊस नाही, चित्रं नाहीत. काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. आज्ञा टंकायची आणि उत्तराची वाट पाहायची. खेड्यापाड्यांतल्या शाखा टेलिफोन खात्याच्या लाईनींवरून या सर्व्हरला जोडलेल्या होत्या. शाखेत कुणी पैसे काढले की हिशेब इथं व्हायचा. लाईन पडली की तिथला काउंटर मुका.

त्या वर्षी नेसरीची लाईन सतत पडू लागली. सकाळी बँक उघडली की तासाभरात ती धापा टाकायची आणि दुपारपर्यंत मान टाकायची. संध्याकाळी बँक बंद झाली की पुन्हा ठणठणीत. टेलिफोनवाल्यांनी दोनदा तपासून लाईन चांगली असल्याचं लिहून दिलं. इकडं संचालक मंडळाची निवडणूक तोंडावर आलेली, आणि नेसरीकडं चेअरमन हंबीररावांची मतं. हंबीरराव रोज वरच्या मजल्यावरून ओरडायचे. खाली जनरल मॅनेजर दत्तप्रसाद ते ओरडणं शुद्ध मराठीत भाषांतरित करून प्रसेनजीतच्या टेबलावर आणून ठेवायचे.

मग प्रसेनजीतनं एका संगणक मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून सर्व्हरवर एक छोटा प्रोग्रॅम चढवला. कुठल्या मशिनच्या पत्त्यावरून किती माल, म्हणजे माहिती, येतेय आणि जातेय, ते हा प्रोग्रॅम त्या काळ्या पडद्यावर ओळीओळीनं दाखवायचा. गर्दीची ओळ आपोआप वर चढायची. पहिल्याच सकाळी नेसरीची ओळ सगळ्यांच्या डोक्यावर जाऊन बसली आणि हलेना. पत्ता नेसरीच्या काउंटरवरच्या मशिनचा, म्हणजे तिथले क्लार्क कृष्णात यांचा. प्रसेनजीतला इतका आनंद झाला की तो उभाच राहिला. दत्तप्रसाद नेमके मागं आले होते.

"सर, घावलं! नेसरीत कायतरी भलतंच चाललंय. कृष्णातच्या मशिनवरनं दिवसभर नुसता लोंढा येतोय."

"भलतंच म्हणजे? सिनेमे वगैरे बघतोय की काय?"

"असंल बी," प्रसेनजीत म्हणाला.

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! बरं, त्या लाईनीवरून बाहेरच्या इंटरनेटला वाटच नव्हती. ती फक्त नेसरी ते राजारामपुरी. तिच्यावरून सिनेमा बघणं म्हणजे आडातल्या पोहऱ्यानं पंचगंगेचं पाणी काढणं. आणि ही व्यवस्था ज्यानं स्वतः लावली होती, तोच "असंल बी" म्हणून मोकळा झाला.

हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा तो संध्याकाळी घरी निघून सायकलस्टँडपर्यंत पोचला होता. तसाच उलटा फिरला. दत्तप्रसाद टेबल आवरत होते.

"सर, सिनेमा असायचा न्हाय. तशी सोयच न्हाय तिथं."

"अरे, मी साहेबांना सांगूनही आलो. शनिवारच्या मीटिंगला त्याला बोलावून घेतलंय." दत्तप्रसाद म्हणजे काही वाईट माणूस नव्हता. पण वरच्या मजल्यावर नेलेली गोष्ट खाली आणायची म्हणजे त्यांना जिना आठवायचा. "सिनेमा नसेल तर मग बँकेची माहिती बाहेर काढत असेल. म्हणजे प्रकरण जास्तच गंभीर. तू असं कर, पुरावा काढ. आणि त्याला फोन करायचा नाही, सावध होईल."

करायला गेला गणपती आणि झाला मारुती. सकाळी कृष्णात रिकामटेकडा होता, संध्याकाळी चोर झाला. त्याची नोकरी जायची वेळ आली होती. आणि प्रसेनजीतनं त्याला पाहिलेलंही नव्हतं. फोनवरचा मोठा, खरखरीत आवाज तेवढा माहीत: "पावणं, लाईन पडली वो!"

घरी त्याला भाकरी गोड लागेना. साक्षीनं विचारलं तर म्हणाला, "एकाचं वाटुळं केलं म्या, दोन शब्दांत." ती म्हणाली, "मग दोन शब्द मागं घ्या की." तिला बँक ठाऊक नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यानं माग उघडायला घेतला. पहिला प्रोग्रॅम लोंढा किती ते सांगायचा, लोंढ्यात काय आहे ते सांगत नव्हता. लाईनीवरून जाणारा एकेक तुकडा पकडून दाखवणारी आज्ञा वेगळी होती. आपल्या टेबलावरून, आपल्याच मशिनवरून त्यानं सर्व्हरवर ती चालवली, आणि पडदा वेड्यासारखा धावू लागला. ओळींवर ओळी, डोळा ठरेना. एवढं जातंय तरी कुठं? पत्ता वाचला तर तो त्याचा स्वतःचाच. सर्व्हर एक तुकडा दाखवण्यासाठी एक ओळ त्याच्या मशिनकडं पाठवायचा. ती ओळ म्हणजे पुन्हा एक तुकडा, तो दाखवायला पुन्हा एक ओळ. हा बघत होता म्हणून गर्दी होती, आणि गर्दी होती म्हणून हा अजून डोळे फाडून बघत होता. स्वतःशीच ओशाळून त्यानं आज्ञेत दुरुस्ती केली: माझं मशिन सोड, फक्त नेसरीचं दाखव.

मग पडदा शांत झाला आणि खरं ते दिसलं. नेसरीचं मशिन सर्व्हरला विचारत होतं, "हाय का?" सर्व्हर म्हणत होता, "हाय." पुन्हा, "हाय का?" पुन्हा, "हाय." याला पिंग म्हणतात. लाईन जिवंत आहे का ते बघायला मारायची हाक. एखादी हाक कुणीही मारतं. इथं मात्र अखंड चाललेलं, आणि एकेक हाक एवढी बोजड की लाईनीतून दुसऱ्या कुणाला अंग चोरूनही जाता येऊ नये.

आत काय भरलंय म्हणून त्यानं एक हाक फोडून पाहिली. आत एबीसीडी. ए पासून डब्ल्यूपर्यंत, मग परत ए. पुन्हा डब्ल्यूपर्यंत, परत ए. पिंगच्या पोटात असला भुसा मशिन आपणहून भरतं. बँकेची चोरलेली माहिती म्हणून जिच्यावरून रण माजलं होतं, ती बालवाडीतली मुळाक्षरं निघाली.

तो धावतच दत्तप्रसादांकडं गेला. त्यांनी चष्मा पुसत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे कारण नसताना मुद्दाम लाईन तुंबवतोय. निवडणुकीच्या तोंडावर. कोणाच्या सांगण्यावरून?"

आता मात्र प्रसेनजीत हबकला. चोरीतून आता राजकारण निघालं होतं. हा माणूस हाका का मारतोय, एवढंच कळायचं राहिलं होतं आणि ते कुठल्याही काळ्या पडद्यावर दिसणार नव्हतं. शुक्रवारी त्यानं आजारी असल्याचा निरोप धाडला, मोटरसायकलला किक मारली आणि कागल, निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज करत नेसरी गाठली. वाटेत चहाला थांबला तोही उभ्यानंच प्यायला.

शाखा बाजारपेठेत, तळमजल्यावर. काउंटरमागं पन्नाशीकडं झुकलेला, बाह्या दुमडलेला माणूस बसला होता. प्रसेनजीतचा आवाज ऐकल्याबरोबर तो उठलाच.

"आयला, कोल्लापूरचं पावणं! आवाजावरनं वळिकलं की! या या, आत या. ए, च्या सांगा रं कुणीतरी!"

प्रसेनजीत चहाला नको म्हणायच्या आधीच त्याची नजर मशिनवर गेली. बँकेच्या प्रोग्रॅममागं एक काळी खिडकी, तिच्यामागं दुसरी, तिच्यामागं तिसरी. तिन्हींतून उत्तरं सरसर वर चढत होती.

"हे काय, कृष्णातमामा?"

"हे व्हय?" कृष्णातांची छाती जरा फुगली. "चुलवाण हाय आपलं."

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते असं. कृष्णातांचे वडील गुऱ्हाळावर जळव्या होते, म्हणजे गुळाच्या काहिलीखालच्या मोठ्या चुलीत, चुलवाणात, चिपाडं सारणारे. जाळ एकदा पडला की काहील थंडावते आणि गूळ बिघडतो. लहानपणापासून कृष्णातांच्या अंगात एकच धडा मुरलेला: जाळ पडू द्यायचा नाही. पुढं बँकेत पहिल्यांदा कॉम्प्युटर आले तेव्हा साध्या टेलिफोनवरून नंबर फिरवून लाईन जोडायला लागायची, आणि जरा कुणी काही केलं नाही की ती आपोआप तुटायची. तेव्हा मशिनं बसवायला आलेल्या कंपनीच्या माणसानं त्यांना पिंग शिकवला होता: ही हाक चालू ठेवा, लाईन झोपणार नाही. त्या काळी ते बरोबरच होतं. नंतर कायमची लाईन आली, जी झोपतच नाही. पण पिंग बंद करा असं कुणी सांगितलं नाही.

"आन मग ती बायडाबाई आली," कृष्णात म्हणाले.

बायडाबाई म्हणजे जवळच्या वाडीतली म्हातारी. पोरगा फौजेत, तो पाठवायचा ते पैसे या शाखेत. सुनेला तातडीनं गडहिंग्लजला दवाखान्यात न्यायचं म्हणून ती पैसे काढायला आली, आणि नेमकी लाईन पडलेली. बँक मिटेपर्यंत पायरीवर बसून राहिली आणि हात हलवत परत गेली.

"सून वाचली, देवाची किरपा. पर मला सांगा पावणं, पैसं तिचं, पोरगं तिचं, आन मी हितं खुर्चीत बसून तिला सांगतोय, लाईन न्हाय! लाज वाटली मला माझी. त्या दिशी ठरिवलं, आता जाळ पडू द्यायचा न्हाय. पिंगम्होरं आकडा टाकत्यात न्हवं, त्यो मोठा केला. मोठं लाकूड, मोठा जाळ. तरी बी पडली, मग आनी मोठा केला. दुसरी खिडकी काढली. काल तिसरी."

लाईन पडायची म्हणून हा माणूस जास्त हाका मारायचा आणि जास्त हाका मारायचा म्हणून लाईन पडायची. आपल्या टेबलावरचा वेड्यासारखा धावणारा पडदा प्रसेनजीतला आठवला.

"मामा, ह्या खिडक्या बंद करा."

"पडंल की लाईन."

"पडली तर मी हाय न्हवं हितं."

कृष्णातांचा हात माऊसवर गेला आणि तिथंच थांबला. प्रसेनजीतनं घाई केली नाही. ही त्याच्या आयुष्यातली मोठी गोष्ट होती. शेवटी कृष्णातांनी एक खिडकी मिटली, मग दुसरी, डोळे बारीक करून तिसरी. समोर रांगेतल्या माणसाचं खातं उघडायला गेले तर बोट उचलायच्या आत ते पडद्यावर उभं.

कृष्णातांनी दुसरं खातं उघडलं. तिसरं उघडलं. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

"म्हंजे... मीच तिचा गळा दाबत हुतो व्हय?"

"कुणी सांगितलंच न्हाय तर तुम्हाला कसं कळणार?"

"आता उद्या येतोयच कोल्लापूरला, तवा सायबास्नी बी सांगतो. बोलावलंय मला मीटिंगला. सत्कार-बित्कार असंल. शाखा राखली म्हणून." ते ओशाळं हसले. "मंडळीनं नवा सदरा काढून ठिवलाय."

चहा आला होता, त्याच्यावर साय धरली. प्रसेनजीत उभ्याचा खाली बसला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. लोंढा, सिनेमा, चोरी, राजकारण आणि स्वतःचे ते दोन शब्द. काही गाळलं नाही. कृष्णात टेबलावरच्या शाईच्या डागाकडं बघत ऐकत होते.

"म्हंजे त्ये तुम्ही व्हय," ते म्हणाले. "दोन दिस झालं, गावात पोरं मला इचारत्यात, मामा आज कुठला पिच्चर? मला वाटलं चेष्टा करत्यात."

शनिवारी कृष्णात नवा सदरा न घालता आले. संचालकांची मीटिंग म्हणजे निम्मी मीटिंग आणि निम्मा चिवडा. प्रसेनजीतला कुणी बोलावलं नव्हतं, तरी तो दारातून आत शिरला. बोलायला लागला तेव्हा पाय हलवायला जागा नव्हती, म्हणून त्यानं हातातला रुमाल पिळून काढला. यात कृष्णातांचा काही दोष नाही, शिकवलं बँकेनं आणि थांबवायचं विसरलीही बँकच, हे त्यानं सांगितलं. शेवटी म्हणाला, "आन सिनेमाचं मी बोललो. माग उघडायच्या आधी बोललो. त्ये खोटं हुतं."

"मग इतकं दिस आम्ही काय झक मारत हुतो व्हय?" हंबीरराव गरजले. दत्तप्रसादांनी मान खाली घालून चिवड्यातले शेंगदाणे वेचायला घेतले. चौकशी तिथंच मिटली. कृष्णातांना चहा पाजून परत धाडण्यात आलं. प्रसेनजीतच्या कायम होण्याचा विषय त्याच मीटिंगच्या पत्रिकेवर होता. त्यावर हंबीरराव म्हणाले, "ज्याची जीभ हातापेक्षा म्होरं पळती, त्याला कायम करायची घाई नको." विषय पुढं ढकलला गेला आणि मग बरीच वर्षं ढकलला जात राहिला.

त्याचं प्रसेनजीतला वाईट वाटलं, नाही असं नाही. कबनूरला दादासोंना सांगताना त्याची मान वर होईना. दादासो म्हणाले, "माग चालू झाला न्हवं?"

नेसरीची लाईन आता दिवसभर सरळ चालायची. प्रसेनजीतनं सर्व्हरवरून स्वतःच एक बारीकशी हाक लावून दिली होती. मधूनमधून जायची, उत्तर घेऊन यायची. राखेखाली निखारा असावा, तेवढीच. तरी त्याला चैन पडेना. फोनवर कृष्णातांचा आवाज पूर्वीसारखा मोठा येत नव्हता. खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "लाईन हाय. मान्सं अजून इचारत्यात, पिच्चर कुठला."

बँकेनं चौकशी मिटवली होती, गावात कुणी मिटवली नव्हती. शब्द राजारामपुरीतून निघाला तेव्हा वाटेतल्या सगळ्या गावांत उतरत गेला होता, आणि खुलासा मीटिंगच्या खोलीतून बाहेरच पडला नव्हता.

तेव्हा बाजाराच्या दिवशी प्रसेनजीत पुन्हा नेसरीला गेला. शाखेत पाय ठेवायला जागा नव्हती. तो काउंटरपाशी गेला, गर्दीकडं तोंड केलं आणि कबनूरच्या मागांवरून ओरडायला शिकलेला आवाज लावला.

"ऐका वो जरा! मी कोल्लापूरच्या हापिसातनं आलोय. ह्या मान्सानं कुठलाबी पिच्चर बघितला न्हाय, काय चोरलं न्हाय. त्ये म्या सांगितलं हुतं, काय बी न बघता. खोटं हुतं त्ये. चूक माझी हाय!"

काउंटरमागं कृष्णातांनी मान खाली घातली. रांगेत सगळ्यात पुढं एक म्हातारी पासबुक छातीशी धरून उभी होती. तिनं प्रसेनजीतला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"त्यात काय सांगतोस? आमास्नी ठावं न्हाय व्हय?" ती म्हणाली. "माझं पैसं मिळालं न्हाईत त्या दिशी, ह्यो बाबा कुलूप लावून माझ्यासंगं पायरीवर बसून रडलाय. चोर आसं रडतंय का रं?" मग ती गर्दीकडं वळली. "आन तुमी! इचारशीला पुन्यांदा पिच्चर म्हणून, तर बघा!"

मागं उभी असलेली दोन पोरं हळूच बाहेर सटकली. कृष्णातांनी दोन्ही तळव्यांनी तोंड पुसलं आणि म्हातारीचं पासबुक घ्यायला हात पुढं केला.

"लाईन हाय न्हवं रं?" तिनं विचारलं.

"हाय, बायडाअक्का," कृष्णात म्हणाले. आवाज पहिल्यासारखा मोठा होता.

"मग दे माझं पैसं." ती प्रसेनजीतकडं वळली. "आन तू सर बाजूला. किती नाचतोस! बस की त्या बाकड्यावर घडीभर."

प्रसेनजीत बाकड्यावर जाऊन बसला. पाय मात्र हलतच होता.